दंड वाढला, धाक का वाढला नाही?

४ सप्टेंबर २०२२ रोजी दुपारी पालघर जिल्ह्यातील चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर एक भरधाव मोटार कठड्यावर आदळली आणि टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचा अंत झाला. मोटारीत चौघे होते. पुढल्या दोन आसनांवरील दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मागल्या आसनांवरील दोघे, ज्यांनी पट्टा बांधलेला नव्हता, ते गेले. दुसऱ्या दिवसापासून देशभर एकच चर्चा सुरू झाली. मागे बसणाऱ्यानेही सीटबेल्ट बांधला पाहिजे, असा नियम आहे की नाही? नियम होता. केंद्रीय मोटार वाहन नियमांत तो कित्येक वर्षे लिहिलेला होता आणि २०१९ सालच्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातील १९४-ब या कलमाने पट्टा न बांधणाऱ्या प्रवाशाला घेऊन जाणाऱ्या चालकासच एक हजार रुपये दंडाची तरतूद केली होती. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी मात्र १ नोव्हेंबर २०२२ पासून सर्वच प्रवाशांना पट्टा सक्तीचा केल्याचे जाहीर केले. जो नियम अस्तित्वातच होता तो नव्याने जाहीर करावा लागतो, यातच त्या नियमाची खरी स्थिती काय होती ते स्पष्ट होते.

या अपघाताने जिल्ह्याचे नाव वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर गेले. तथापि, पालघर जिल्ह्याच्या रस्त्यांवरील प्रश्न महागड्या मोटारीच्या मागल्या आसनाचा नव्हे. महामार्ग सोडून चिल्हार फाट्यावरून पश्चिमेस बोईसरच्या दिशेने वळावे, म्हणजे तो प्रश्न समोर उभा राहतो. हा रस्ता तारापूरच्या औद्योगिक वसाहतीची धमनी आहे. पोलादाच्या गुंडाळ्या घेऊन येणारे ट्रेलर, रसायनांचे टँकर, नागझरीच्या दगडखाणींतून निघणारे डंपर आणि कामगारांना वाहून नेणाऱ्या बसगाड्या याच रस्त्याने धावतात. आणि त्यांच्या मधून, बगलेतून, कधी समोरून, मोटारसायकली वाट काढीत असतात. पाळी बदलण्याच्या सुमारास खैरा फाटा किंवा नवापूर नाका या ठिकाणी अर्धा तास उभे राहणाऱ्या माणसास वाहतुकीच्या नियमांचे पुस्तक मुखोद्गत असले तरी त्यातील एखादे कलम पाळले जाताना दिसेलच, अशी खात्री देता येणार नाही. दुचाकीवर तिघे, हेल्मेट असलेच तर हँडलला अडकवलेले, रिक्षात चालकाच्या शेजारी चौथा प्रवासी, अर्धा आत व अर्धा बाहेर, दुभाजकाच्या चुकीच्या बाजूने येणारा टेंपो, आणि या साऱ्यांना हात दाखवीत, शिट्टी फुंकीत उभा असलेला एकटा पोलीस.

हे दृश्य पाहून ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ असा निष्कर्ष काढणे फार सोपे असते. सुशिक्षितांच्या बैठकीत तो रोज काढला जातो. पण हा निष्कर्ष काढणाऱ्यांनी एका गोष्टीचे उत्तर द्यावयास हवे. बेशिस्तीबद्दल ज्याला दूषण दिले जाते तोच कामगार कारखान्याच्या फाटकातून आत शिरताच ओळखपत्र गळ्यात घालतो, ठरलेल्या रेषेतून चालतो, काडेपेटी फाटकावर जमा करतो आणि जेथे टोप घालावयास सांगितला आहे तेथे टोप घालतो. फाटकाबाहेर त्याचा स्वभाव पालटत नाही. पालटतो तो हिशेब. आत नियम मोडला तर तो दिसतो आणि दिसला म्हणजे परिणाम ठरलेला असतो. बाहेर तसे काहीच ठरलेले नसते.

अर्थशास्त्रात या हिशेबाला रीतसर मांडणी मिळाली ती गॅरी बेकर यांच्या १९६८ सालच्या निबंधामुळे. बेकर यांना पुढे १९९२ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा दिलेल्या व्याख्यानात त्यांनी या विचाराचा उगम सांगितला आहे. एका विद्यार्थ्याच्या तोंडी परीक्षेस जाण्यास त्यांना उशीर होत होता. गाडी दूरच्या वाहनतळावर ठेवावी, की नियम मोडून रस्त्यावरच उभी करावी? दंड किती आणि तो होण्याचा संभव किती, याचा मनाशी गुणाकार करून त्यांनी गाडी रस्त्यावरच उभी केली. गुन्ह्याची किंमत म्हणजे कायद्यात छापलेला दंड नव्हे; तो दंड गुणिले पकडले जाण्याची शक्यता, एवढीच ती किंमत. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक जो हिशेब करतो तोच बोईसरचा टेंपोचालकही करतो. फक्त त्यावर निबंध लिहीत नाही.

उदाहरणादाखल असे समजू की, हेल्मेटविना फिरण्याचा दंड एक हजार रुपये आहे आणि हजार फेऱ्यांत एकदा पोलीस अडवितो. मग एका फेरीमागे नियम मोडण्याची किंमत पडली एक रुपया. वडापाव त्याहून महाग आहे. उलट, दंड शंभरच रुपये ठेवला, पण वीस फेऱ्यांत एकदा तरी अडवणूक निश्चित केली, तर तीच किंमत पाच रुपये होते. रोज दोन फेऱ्या करणाऱ्यास महिन्याला अडीचशे-तीनशेचा फटका बसतो आणि हेल्मेट स्वस्त वाटू लागते. आपल्या कायदेकर्त्यांनी २०१९ साली नेमका यातला पहिला मार्ग निवडला. हेल्मेटचा दंड शंभरावरून हजार झाला, परवान्याविना वाहन चालविण्याचा पाचशेवरून पाच हजार, मद्यपान करून चालविण्याचा दोन हजारांवरून दहा हजार. हे आकडे इतके कडू होते की, ते गिळण्यास राज्येच तयार होईनात. १ सप्टेंबर २०१९ रोजी दुरुस्ती अंमलात आली आणि दोन आठवड्यांच्या आत गुजरातने हेल्मेटचा दंड अर्ध्यावर आणल्याचे जाहीर केले. महाराष्ट्रात विधानसभेच्या निवडणुका तोंडावर होत्या. येथे वाढीव दंडाची अधिसूचना निघावयास डिसेंबर २०२१ उजाडला. म्हणजे मधल्या काळात तलासरीच्या पुढे अच्छाडची सीमा ओलांडली की डोक्याची किंमत बदलत होती!

दंडाची रक्कम वाढविण्यास शासनाला काही खर्च येत नाही. एक अधिसूचना पुरते. पकडले जाण्याची शक्यता वाढविण्यास मात्र माणसे लागतात, वाहने लागतात, श्वासपरीक्षेची यंत्रे लागतात, आणि मुख्य म्हणजे ती रोज रस्त्यावर लागतात. म्हणून स्वस्त मार्ग निवडला जातो. त्याचा आणखी एक परिणाम आहे, जो विधिमंडळांतील चर्चांत क्वचितच येतो. छापील दंड पाच हजार आणि अडविलेल्या माणसाची दिवसाची मजुरी चारशे-पाचशे, तर या दोन आकड्यांमधील दरीतच चिरीमिरीचा बाजार भरतो. दंड शंभराचा असतो तेव्हा पन्नासात ‘मिटविण्या’त उभयतांना फारसा लाभ नसतो, दंड पाच हजारांचा झाला की पाचशेत मिटविण्यात दोघांनाही लाभ दिसू लागतो. कडक कायदा असा स्वतःच्याच पायाखालची माती उकरतो. ई-चलानामुळे या व्यवहारास काही प्रमाणात पायबंद बसला हे मान्य केले पाहिजे. पण तेथे दुसरी गंमत झाली. चलान भ्रमणध्वनीवर येते, ते भरण्याची निकड वाटत नाही, थकबाकी साचत जाते आणि लोक अदालतीत सवलत मिळेल या आशेने माणसे थांबून राहतात. शेतीकर्जाचा अनुभव असलेल्या राज्यात ही आशा बाळगणाऱ्यांना वेडे कोण म्हणेल?

अशा वेळी ऑस्ट्रेलियाचा दाखला पाहण्याजोगा आहे, कारण तो देश जन्मतःच शिस्तीचा होता असे कुणी म्हणू शकणार नाही. आपल्यासारखेच डाव्या बाजूने वाहने चालविणारे हे राष्ट्र. १९७० साली तेथे सव्वा कोटीच्या वस्तीत ३,७९८ माणसे रस्त्यावर मेली, लाखामागे तीस. आजच्या महाराष्ट्रात हे प्रमाण लाखामागे बारा-तेराच्या घरात आहे. वाहनांच्या संख्येतील अंतर लक्षात घेऊनही त्या काळचा ऑस्ट्रेलिया हा मोटारीने गांजलेला देश होता. संध्याकाळी मद्यगृहातून निघून गाडी हाकीत घरी जाणे हा तेथे पुरुषार्थाचा भाग समजला जाई. त्याच वर्षी, २२ डिसेंबर १९७० रोजी, व्हिक्टोरिया राज्याने मोटारीत पट्टा बांधणे सक्तीचे केले. जगात असा कायदा करणारे ते पहिले. व्यक्तिस्वातंत्र्यावर घाला आला म्हणून तेथेही ओरड झाली. तीन वर्षांच्या आत सगळ्या राज्यांनी तोच कायदा केला.

त्याहून उद्बोधक आहे ती मद्यपी चालकांची कथा. न्यू साउथ वेल्स राज्याने डिसेंबर १९८२ मध्ये सरसकट श्वासपरीक्षा सुरू केली. ‘सरसकट’ या शब्दाला येथे सर्व महत्त्व आहे. रस्त्याच्या कडेला पोलिसांची गाडी उभी राहावयाची, आणि चालक झोकांड्या खात असो वा सरळ जात असो, धर्मोपदेशक असो वा न्यायाधीश, ज्याला थांबविले त्याने नळीत फुंकावयाचे. संशयाची अट नाही. त्या राज्यात १९८२ साली रस्त्यावर सुमारे साडेबाराशे बळी गेले होते; पुढल्या वर्षी ती संख्या हजाराच्या आत आली. शिक्षा फार जबर झाल्या म्हणून हे घडले नाही. शनिवारी रात्री घरी परतताना कुठल्या ना कुठल्या वळणावर आपल्याला फुंकावे लागणार, ही गोष्ट लोकांना पाऊस पडण्याइतकी साधी वाटू लागली, म्हणून ते घडले. रॉस होमेल या अभ्यासकाने या प्रयोगाचा १९८८ साली ग्रंथरूपाने जो परामर्श घेतला त्याचे सूत्र हेच आहे. तपासणी दिसली पाहिजे, टळू नये आणि सतत चालू राहिली पाहिजे. मोहीम संपली की धाकही ओसरतो.

आपल्या कायद्यात काय आहे? मोटार वाहन कायद्याच्या २०३ व्या कलमानुसार पोलिसाला वाजवी संशय आला तरच श्वासपरीक्षा घेता येते. वरवर पाहता ही नागरिकाच्या हक्काची जपणूक आहे. प्रत्यक्षात मात्र संशय कुणाचा घ्यावा हे ठरविण्याचा अधिकार त्यामुळे चौकातील शिपायाच्या हाती जातो. आणि पांढरी मोटार, तिच्यावरील पक्षाचा झेंडा, काचेवरची ‘पोलीस’ किंवा ‘प्रेस’ ही पाटी यांच्याविषयी सहसा संशय येत नाही. तो येतो जुन्या मोटारसायकलवरील, पायात चप्पल नसलेल्या विक्रमगडच्या पोराविषयी. सर्वांना फुंकावयास लावणारा कायदा दिसावयास जुलमी, पण वागावयास समतेचा असतो.

ऑस्ट्रेलियातील दुसरी युक्ती म्हणजे गुणांची. तेथे दंडाबरोबर चालकाच्या खात्यावर दोषगुण चढतात आणि तीन वर्षांत ठरावीक संख्या, बहुतेक राज्यांत बारा, गाठली की परवाना काही महिन्यांपुरता जातो. न्यू साउथ वेल्समध्ये तर मोठ्या सुट्ट्यांच्या दिवसांत काही गुन्ह्यांचे गुण दुप्पट मोजले जातात. पैशाचा दंड श्रीमंतास चिमटा आणि गरिबास फटका असतो. दोषगुण दोघांनाही सारखेच बारा. फिनलंडमध्ये तर जोरात वाहन चालविण्याच्या गंभीर गुन्ह्यांत दंडच मिळकतीच्या प्रमाणात आकारला जातो. आपल्याकडे हजार रुपये म्हणजे एखाद्याचे एका वेळचे हॉटेलचे बिल, तर एखाद्याची दोन-अडीच दिवसांची मजुरी. ‘कायद्यापुढे सर्व समान’ हे वाक्य दंडाच्या पावतीवर इतके विपरीत कुठेच उतरत नसेल.

अर्थात ऑस्ट्रेलियाचे सर्वच घेण्यासारखे नाही, आणि तेथे सारे आलबेलही नाही. वेगमापक कॅमेरे हे सरकारी गल्ला भरण्याचे साधन आहे, ही तक्रार तेथे नित्याची आहे; डिसेंबर २०१९ मध्ये न्यू साउथ वेल्सने वाहन चालविताना भ्रमणध्वनी वापरणाऱ्यांची छबी टिपणारे कॅमेरे बसविले तेव्हाही ती झाली. २०२२ साली बाराशेच्या आत असलेली मृत्यूंची संख्या त्यानंतर पुन्हा वर चढली आहे. तरीही, वस्ती दुप्पट होऊन मृत्यू एक-तृतीयांशावर आले, हे पन्नास वर्षांचे फलित नाकारता येत नाही. भारतात २०२२ साली १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मरण पावली. त्यांतील निम्म्याच्या जवळपास दुचाकीवरील होती, आणि हेल्मेट न घातलेल्यांची संख्या पन्नास हजारांवर होती, असे केंद्र शासनाचाच अहवाल सांगतो.

आता पुन्हा पालघरकडे वळू. येथे केवळ चालकाच्या हिशेबाकडे बोट दाखवून भागणार नाही. शासनाचा हिशेबही तपासला पाहिजे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, कोळगाव येथे बोईसरच्या रस्त्यावर जिल्हा मुख्यालयाची भव्य इमारत उभी राहिली. वाहन परवान्याचे कार्यालय मात्र वसईचे, आणि ते विरारला. जव्हार-मोखाड्याच्या तरुणाने पक्क्या परवान्यासाठी तेथवर जावयाचे, म्हणजे दिवसाची मजुरी बुडवून एस.टी. आणि रेल्वे यांची बदली करीत जावयाचे. तालुक्यांतून शिबिरे भरतात, शिकाऊ परवाना २०२१ पासून घरबसल्या संगणकावर मिळतो, ही सोय झाली. पण जो भ्रमणध्वनीवर प्रश्नांची उत्तरे देऊन परवाना मिळवितो त्याला वाघोबाच्या घाटातील वळणावर समोरून ट्रेलर आला असता काय करावे हे कोण शिकविणार? व्हिक्टोरियात आणि न्यू साउथ वेल्समध्ये शिकाऊ तरुणास मोठ्या माणसाला शेजारी बसवून एकशेवीस तास वाहन चालविल्याची नोंद ठेवावी लागते. पालघर-मनोर रस्त्यावरचे अनेक चालक घाटात वाघोबाच्या देवळापाशी वेग कमी करून हात जोडतात, हे चांगलेच. वेग कमी होण्याचे तेवढे एकच हुकमी ठिकाण त्या रस्त्यावर असावे, ही मात्र वाघोबावर जरा जास्तच जबाबदारी टाकल्यासारखे आहे.

रस्त्याचे स्वतःचे अपराध वेगळे. चारोटीच्या अपघातानंतर पुलाजवळ मार्गिका कमी होऊन रस्ता कसा आवळला जातो, याची चर्चा झाली. औद्योगिक वसाहतीत रात्री दिव्याविना कडेला उभे असलेले ट्रेलर, पावसाळ्यानंतरचे खड्डे, दुभाजकातील फट दूर असल्यामुळे उलट बाजूने येण्याचा पडलेला प्रघात, या गोष्टी कुणा एका चालकाच्या दुर्गुणातून निघालेल्या नाहीत. ट्रेलर रस्त्यावर उभा राहतो, कारण कारखान्याच्या आत त्याला जागा नसते आणि बाहेर वाहनतळ नसतो. म्हणजे कारखानदार आपल्या गोदामाचा खर्च सार्वजनिक रस्त्यावर ढकलतो आणि त्याची किंमत अंधारात त्यावर आदळणारा मोटारसायकलवाला चुकवितो. अर्थशास्त्रज्ञ याला बाह्य परिणाम म्हणतात. मजुराच्या घरी त्याला वेगळे नाव असते. २०१९ च्या त्याच दुरुस्तीने १९८-अ हे कलमही आणले आहे. रस्त्याची बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न झाल्यामुळे मृत्यू अथवा अपंगत्व ओढवल्यास जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड त्यात सांगितला आहे. हेल्मेटचे हजार रुपये चौकाचौकांत ठाऊक आहेत. हे लाख रुपये कुणाच्या तोंडी नाहीत.

कारखानदारांचा सहभाग येथे सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी वापरलेला आहे. कामावर येता-जाता झालेला अपघात कामाशी निगडित मानावा, अशी दुरुस्ती राज्य विमा योजनेच्या कायद्यात २०१० सालीच झाली. म्हणजे कामगाराचा रस्ता हा काही अंशी कारखान्याचाच विषय आहे हे तत्त्व मान्य झालेले आहे. फाटकावर काडेपेटी काढून घेणारा रखवालदार हेल्मेटविना आलेली मोटारसायकल आत सोडणार नाही, एवढे ठरविण्यास कोणत्याही अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही. फाटक टाळता येत नाही, रोज दोनदा ओलांडावे लागते. बेकर यांच्या गुणाकारातील शक्यता तेथे शंभर टक्के भरते आणि दंडाची गरजही उरत नाही.

याची निकड आता का, याचे उत्तर समुद्राकडे आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पात एक-एक हजार मीटरचे नऊ कंटेनर धक्के योजिलेले आहेत. बंदर असावे की नसावे, मच्छीमारांचे आणि डहाणूच्या बागायतदारांचे काय, हा वाद स्वतंत्र आणि गंभीर आहे. पण धक्क्यावर उतरलेला कंटेनर काही हवेतून जाणार नाही. रेल्वे आणि महामार्गाशी जोडणारे मार्ग आराखड्यात आहेत. त्या मार्गांवरची वाहतूक चौकी, वाहनतळ, जखमींना वापी किंवा मुंबई गाठण्याआधी हाताशी लागेल असे उपचारकेंद्र, यांची तरतूद धक्क्यांच्या लांबीइतक्या तपशिलाने जाहीर व्हावयास हवी. मोटारीच्या अपघातात जखमीस पहिला तास मोलाचा असतो, आणि या जिल्ह्यात तो तास बहुधा रस्त्यावरच खर्च होतो.

पोलीस दलापुरते बोलावयाचे तर फार मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. सप्ताह आणि मोहिमा यांवर जाणारे मनुष्यबळ पाळी बदलण्याच्या तीन-चार ठरलेल्या वेळांना, खैरा फाटा, नवापूर नाका, चिल्हार फाटा, मनोरचा मस्तान नाका आणि पालघरचा हुतात्मा स्तंभाचा चौक या पाच ठिकाणी वर्षभर उभे केले, दंड भरता येईल एवढाच ठेवला आणि झेंडा लावलेली मोटारही त्याच रांगेत उभी केली, तर सहा महिन्यांत काय होते ते मोजता येईल. त्यासाठी मोजणी आजच सुरू करावी लागेल. या पाच नाक्यांवरून शंभर दुचाकी जातात तेव्हा त्यांतील किती जणांच्या डोक्यावर हेल्मेट असते, हा आकडा काढण्यास महाविद्यालयातील दहा विद्यार्थी आणि एक सकाळ पुरेशी आहे.